डाव्या चपलेचा तळ

रत्नागिरीत रेल्वे यायच्या आधीची गोष्ट. एस.टी. स्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. चप्पल हातात आली की ते ती उलटी धरत, एक डोळा मिटून तळ न्याहाळत आणि मगच आरी उचलत.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार असल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावा पाय आणखी कमजोर झाला, तर पाखाडीच्या पायऱ्या चढून शाळेत शिकवायला जाणं संपणार होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली नोकरी. “रोजच्या चालण्यात फरक पडलाय?” असं डॉक्टर विचारत, तेव्हा मला सांगता येत नसे.

पुन्हा मुंबईला निघालो त्या सकाळी काकांनी डाव्या चपलेचा तळ बदलला. मग खोक्यातून गेल्या खेपेचा तळ काढून आता उतरवलेल्या तळाशेजारी धरला. ठिगळांसाठी ते जुने तळ ठेवत.

“मास्तर, पाय घासतो तुमचा. पण बघा, तेव्हा चार महिन्यांत झिजला तेवढाच या चार महिन्यांत झिजलाय. जास्त नाय.”

“डॉक्टरांपुढे मी ताठ चालतो हो.”

“तिथं सगळेच ताठ चालतात. चप्पल कशाला लाजेल?”

दोन्ही तळ मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. डॉक्टरांनी ते बराच वेळ पाहिले, मला चालवून पाहिलं आणि म्हणाले, “शाळा सोडू नका.”

परतल्यावर स्टँडवर उतरलो तो थेट काकांकडे गेलो आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पायातल्या नव्या तळाकडे बोट दाखवलं.

“मग आता हा झिजवून आणा.”