वीजघरातलं इंजिन

कॉलेज इंदूरला, घर देवासला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला होता आणि देवास सोडायला ते तयार नव्हते. मी एकुलता मुलगा. मुंबईच्या गिरणीतली नोकरी हातची गेली. रोज बसने जाऊन मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला नियंत्रणशास्त्र शिकवू लागलो. समीकरणं फळ्यावर लिहायची, पुसायची. स्वतः एकही यंत्र ताब्यात आणलेलं नव्हतं.

त्या वर्षी बहीण अण्णांना सांभाळायला यायला कबूल झाली. मी पुण्याच्या जागेसाठी अर्ज केला आणि कॉलेजकडे ना-हरकत पत्र मागितलं. उत्तर येत नव्हतं.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर देवासचं जुनं वीजघर बंद पडलं होतं. परवानगी काढून चार विद्यार्थ्यांना तिथल्या तेलाच्या इंजिनावर आणलं. भार बदलला तरी वेग कायम राखणारा गव्हर्नर त्यांनी स्वतः बनवायचा होता. फिरत्या दोन लोखंडी गोळ्यांचा गव्हर्नर आठ दिवसांत बसला. इंजिन सुरू केलं, तर वेग चढे, उतरे, पुन्हा चढे. त्यावर जोडलेला दिवा लख्ख होई, मंद होई.

"स्प्रिंग हलकी लावा," मी म्हणालो. "गव्हर्नरला लवकर कळेल."

हेलकावे आणखी वाढले. तीन दिवस आम्ही तिथेच अडकलो. ही मुलं मला जोखताहेत, असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सोनकच्छचा विद्यार्थी म्हणाला, "सर, यो घणी उतावळ करे है." गव्हर्नर फार घाई करतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या घरी पिठाची गिरणी होती. तिथल्या इंजिनाला तेल भरलेली नळी असते आणि ती गव्हर्नरला एकदम हलू देत नाही, असं त्याने सांगितलं. आम्ही सायकलच्या पंपात घट्ट तेल भरून त्याचा दांडा गव्हर्नरला जोडला. वेग दोनदा हलला आणि स्थिरावला. हेच समीकरण मी दोन वर्षं फळ्यावर सोडवत होतो. समोर आलं तेव्हा ओळखलं नव्हतं.

आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं. खूश होते. "असं काम आपल्याकडे कुणी केलं नव्हतं. प्रयोगशाळा आता तुमच्याकडे."

"आणि माझं पत्र?"

"अहो, आता तुम्हाला कसं सोडणार?"

घरी येऊन अण्णांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले आणि निवांत डोळे मिटून पडून राहिले. बहिणीला मी येऊ नकोस म्हणून कळवलं.