बाबांनी निवडलेले स्पीकर

बाबांचे कान जात होते आणि आम्ही त्यांच्यासाठी स्पीकर घ्यायला निघालो होतो. आज लिहिताना हा शुद्ध वेडेपणा वाटतो, पण त्या उन्हाळ्यात आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत याहून महत्त्वाचं काम दुसरं नव्हतं.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कारकुनी नोकरी, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पण त्यांची केबिन लोखंड ठोकायच्या शेडला चिकटून होती. दिवसभर मोठाले घण आपटायचे आणि बाबा त्या दणदणाटात लोकांची हजेरी मांडत बसायचे. रिटायर होईपर्यंत उजवा कान पार गेला. डावा चालू होता, तोही रडतखडत. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर मला बाजूला घेतलं. "शिरा सुकल्यात. डावाही जाणार, आज ना उद्या. यंत्र लावलंत तर नुसता गोंगाट वाढेल." मग करायचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "जे ऐकवायचं असेल ते ऐकवून घ्या." मला त्यांचा राग आला. पण वाक्य डोक्यातून जाईना.

कारण बाबांना गाण्याचं वेड होतं. गाता एक ओळ येत नव्हती, पण ऐकायला कुठेही जायचे, सतरंजीवर मागे बसून बोटाने ताल धरायचे आणि पहाटे चालत घरी यायचे. काही वर्षांपूर्वी, दोन्ही कान बऱ्यापैकी शाबूत असताना, वांद्र्याला त्यांच्या साहेबांच्या घरी पूजेला गेले होते. तिथे त्यांनी पहिल्यांदा स्टिरिओ ऐकला. घरी येऊन शर्ट न काढताच आम्हाला हातवारे करून सांगायला लागले. "तंबोरे इकडे, तबला तिकडे, आणि गाणारी बाई मधे. समोर नुसती भिंत, बाई कुठे नाही, पण आहे!" आई म्हणाली, "जेवायला बसा." आईला गाणं म्हणजे रेकणं. ती तसं तोंडावर म्हणायची आणि बाबा हसायचे. इतकी वर्षं संसार याच वादावर सुखाने चालला होता.

फंडाचे पैसे हातात आले तेव्हा बाबा म्हणाले, "चणे आलेत. दात आहेत तोवर खाऊन घेऊ." त्यातला बेताचा वाटा त्यांनी गाण्यासाठी वेगळा काढला. माझा धाकटा भाऊ मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये रेडिओचे भाग जुळवायचा. रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर त्याने ओळखीपाळखीतून, खटपट करून उभे केले. राहिले स्पीकर. आणि स्पीकर म्हणजे सगळं, असं तो रोज जेवताना ऐकवायचा. "बाकी सगळं झकास असू दे, स्पीकर फडतूस निघाला की वाट लागली."

एकदा जिन्यात त्याने मला थांबवलं. "ताई, एका कानाने स्टिरिओ कळत नाही गं. डावं-उजवं कळायला दोन कान लागतात."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग. तू मोठी आहेस."

कोणीच सांगितलं नाही. सांगून काय मिळवणार होतो? वर त्याने आणखी एक अडचण काढली होती. आमच्या बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात कपाट, दुसऱ्यात आईचं शिवणयंत्र आणि मधे दिवाण. तिथे मोठे स्पीकर मावणारच नव्हते. एक कपाटाच्या कडेला स्टुलावर, एक शिवणयंत्रावर, असे बसतील तेवढेच छोटे हवे होते. पण छोट्या खोक्यातून बारीक आवाज स्वच्छ येतो आणि जाड आवाज पोकळ होतो, असं त्याचं म्हणणं. बाबांना तर उरला होता तो जाडच. बारीक आवाज, म्हणजे शिट्टी, पैंजण, दाराची बेल, हे सगळं त्यांच्या कानातून कधीच निघून गेलं होतं. जे घरात मावत होतं ते कानात मावत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं घाटकोपरला गेलो. आईला यायचं नव्हतं. "मी येऊन काय दिवे लावणार?" पण बाबांनी ऐकलं नाही. दुकान स्टेशनजवळ, चिंचोळं. मालक गुजराती, मराठी छान बोलणारे, अंगावर झुळझुळीत झब्बा. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, आमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या तीन जोड्या फळीवर मांडल्या आणि दार लावून घेतलं. मग पंखाही बंद केला. "पंख्याच्या आवाजात माल कळत नाही, काका."

पाच माणसं, बंद खोली आणि मे महिना. रेकॉर्ड एकच, ती आळीपाळीने तिन्ही जोड्यांवर वाजत होती. मालक बटण फिरवायचे आणि म्हणायचे, "आता हा ऐका." मी जीव कानात आणून ऐकत होते. तिन्ही मला सारखेच वाटले. खरं तर दुसरा पहिल्यापेक्षा बरा वाटायचा, आणि पहिला परत लावला की तो दुसऱ्यापेक्षा बरा वाटायचा. भाऊ पहिल्या जोडीवर अडून बसला होता, डग्गा भरीव वाजतो म्हणून. मालक तिसरी गळ्यात मारायला बघत होते.

बाबा खुर्चीत पुढे सरकून डावा कान स्पीकरकडे करून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "हा बदललात ना? हा चांगला आहे." काही बदललं नव्हतं. मग मालकांनी खरंच बटण फिरवलं, आवाज सरळ दुसरीकडून यायला लागला, आणि बाबा म्हणाले, "आता बदला." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर फळीवर खिळवली. त्या माणसाची काही चूक नव्हती, पण त्या क्षणी मला त्याच्या झब्ब्याचासुद्धा राग आला.

बाबांना कळलं. कान अधू होता, डोळे तल्लख होते. त्यांनी खुर्ची वळवली. स्पीकरकडे पाठ, आईकडे तोंड. आई भिंतीला टेकून पदराने वारा घेत होती. "चालू द्या," बाबा म्हणाले आणि तिच्याकडे टक लावून बघत बसले. वीस वर्षांची नवरी बघावी तसे. आई अवघडून गेली, पदर सारखा करायला लागली.

दुसरी जोडी वाजत असताना आईचा चेहरा एकदम खुलला. कपाळावरची आठी गेली, डोळे मिटले, मान जराशी मागे गेली. बाबांनी हात वर केला. "हीच द्या."

भाऊ म्हणाला, "बाबा, अहो, पहिली जोडी..." बाबांनी त्याला बोलूच दिलं नाही. घरी येताना रस्ताभर त्यांचा चेहरा उजळला होता. "तिला कळलं," ते मला म्हणाले. "आयुष्यभर गाण्याला नावं ठेवली तिने. पण चांगल्या वस्तूतून आलं तर कळतंच माणसाला."

खरी गोष्ट आईने मला दोन-तीन दिवसांनी भांडी घासताना सांगितली. मालकांनाही उकाडा सोसवला नव्हता. त्यांनी मागच्या मागे भिंतीवरचा पंखा लावला होता, आणि आई बरोबर त्याच्या खाली उभी होती. "मला बाई गार वारा लागला आणि बरं वाटलं. गाणं कुठलं वाजत होतं देव जाणे." मी तोंडात पदर कोंबून हसले. मग दोघी पुन्हा भांड्यांना लागलो.

स्पीकर मांडले. बाबांची आरामखुर्ची दोन्हींपासून सारख्या अंतरावर, भावाने मापाची टेप लावून ठरवलेल्या जागी. समोर दिवाण, आणि दिवाणावर, दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, आई. तिला बसवलं बाबांनीच. साहेबांच्या घरी गाणारी बाई जिथे भासली होती, तिथे आमच्याकडे आई बसली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की बाबा हाक मारायचे, "ये गं, लावतोय." मग रेकॉर्ड लागायची आणि बाबा आईच्या चेहऱ्याकडे बघत ऐकायचे.

सुरुवातीला डाव्या कानात काहीतरी पोचत असावं. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर तालात पडायचं. आईने चलाखी शोधली. बोट जोरात पडलं की मान हलवायची. बाबा खूश. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हिचा कान तयार झालाय. माझा गेला, हिचा आला. घरातच राहिला ना!" आणि मोठ्याने हसायचे. कान जाणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य ऐकून लोकांना कसं वागावं ते कळायचं नाही. आम्हाला मात्र कळलं होतं. बाबा कानांसाठी एकदाही रडले नव्हते, ते याच एका गोष्टीच्या बळावर.

पाऊस संपेपर्यंत बोट रेकॉर्डच्या पुढे-मागे व्हायला लागलं. मग भलतीकडेच पडायला लागलं. गाणं संथ असताना बोट धावायचं. भाऊ एकदा ते बघून उठला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाबा आता बहुतेक आठवणीतलंच ऐकत होते. पण आई दिवाणावर होती आणि तिची मान त्या बोटाबरोबर हलत होती.

आईला तो तास जड जायचा. गुडघे दुखायचे, आवाजाने कपाळ उठायचं, स्वयंपाक लांबायचा. मी म्हटलं, निदान भाजी निवडत बस. ती म्हणाली, "बसून बघितलं. मान खाली जाते. लगेच विचारतात, आवडलं नाही का? गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ना, तसं आहे माझं. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही गं."

"मग एकदा सांगून टाक त्यांना."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "काय सांगू? की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ऐकता आणि माझ्या तोंडावर काही नसतं?"

मी शिकलेली, कमावती, ऑफिसात सगळ्यांना फडाफडा उत्तरं देणारी. घरात मात्र मी ती पळी उचलली आणि आमटी ढवळत राहिले.

थंडीत एका शनिवारी मी लवकर घरी आले. जिन्यात गाणं ऐकू आलं नाही, म्हणून वाटलं दोघं बाहेर गेली असतील. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले तर बाबा खुर्चीत, आई दिवाणावर, प्लेअरवर रेकॉर्ड फिरत होती आणि घर शांत होतं. फक्त सुई घासल्याचा कुरकुर आवाज, तोही कान देऊन ऐकला तर. बाबांचं बोट चाललं होतं. आई मान हलवत होती.

मी वाकून बघितलं. ॲम्प्लिफायरच्या मागे खोचलेल्या दोन्ही स्पीकरांच्या वायरी निघून जमिनीवर पडल्या होत्या. मी त्या उचलल्या. आईने बाबांवरची नजर न हलवता, चेहरा हसराच ठेवून, हळूच म्हटलं, "सकाळी झाडू लागून निघाल्या. राहू दे गं. आज डोकं दुखत नाहीये." आणि नको म्हणून मान हलवली. बाबांना वाटलं, गाण्याला दाद दिली. त्यांनी समाधानाने डोळे मिटले आणि उघडले.

वायरी माझ्या हातात होत्या. खोचायला काय, क्षणभराचं काम. खोचल्या असत्या तर कोणासाठी, ते मला ठरवता येईना.

तेवढ्यात बाबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आलीस? बस, बस." बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात ते बोलले. मग एकदम अपराधी होऊन त्यांनी आईला विचारलं, "अगं, आवाज फार मोठा नाही ना लागला? शेजाऱ्यांना त्रास व्हायचा."

आईने दोन बोटं जवळ आणून दाखवली. थोडा कमी करा.

बाबा खुर्चीचा हात धरून उठले, ॲम्प्लिफायरपाशी आले आणि बटण अगदी हलक्या हाताने, जपून, मागे फिरवलं. "आता?"

"आता ठीक," आई ओठ नीट हलवत म्हणाली.

मी वायरी खाली ठेवल्या आणि दिवाणावर आईच्या शेजारी जाऊन बसले. बाबा परत खुर्चीत टेकले, आणि आईकडे बघून झाल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले.