नळापाशी बोलायची मनाई

पहिले सुनीता दीदीचं नाव घेते, मग झालेलं सांगते. उशिरा बोलणाऱ्या लेकरांसाठी त्या दर गुरुवारी आमच्या बालवाडीत यायच्या. बालवाडी विजय नगरातली, मी तिथली आया. माझं गाव भंडाऱ्याकडचं, शिकली चौथीपर्यंत. नवऱ्याच्या कामामागे जबलपूरला आली.

एक दिवस बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनं मला वर्गासमोर उभं केलं. "उंगली रखो होंठों पर." लेकरांना गप्प करायची तिथली हीच रीत. मी चाळिशीची बाई. ठेवलं बोट. लेकरं हसली. त्यांच्या टीचरही हसल्या.

गुन्हा काय, तर मी बोलली. साडेतीन वर्षांचा चिंटू काहीच बोलत नव्हता. त्याचे हात धुताना मी सांगायची, हा साबण, हा झाला फेस, हे आलं पाणी. मग नळ बंद करून थांबायची. हे थांबणं दीदींनी शिकवलं. म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या वाटचं बोलून टाकता. त्याला जागा द्या. मनात दहा मोजा." मागे लेकरांची रांग, वरून मॅडमची नजर. भीत भीत मोजायची. दोन महिने काही नाही. मग एक दिवस नळाकडे पाहून म्हणाला, "अजून."

मला राहवलं नाही. दारात त्याच्या आईला सांगितलं. ती आपलीच, मराठी, नवरा फॅक्टरीत. ती सरळ मॅडमकडे गेली. म्हणाली, आया काहून शिकवून राहिली, हिचं गावठी बोलणं पोराला लागलं तर?

म्हणून ते बोट. वर मॅडम म्हणाल्या, "आया हो, आया रहो. बात करना टीचर का काम है."

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं हात धुतले. चिंटू माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं. ओलं, साबणाचं.

चौथीत गुरुजी माझ्या बोलण्यावर हसले होते, तेव्हापासून मी गप्पच. आता हाही?

त्याचं बोट काढलं. मोठ्यानं म्हणाली, "हे बघ, पाणी आलं." मॅडम दारात होत्या. म्हणाल्या, फिर शुरू? मी म्हटलं, "निकालना है तो निकाल दो, मैडमजी. मैं बोलूँगी."

नोकरीचं अजून ठरलं नाही. थकली मी. पण जिथं झाडू मारीन तिथं लेकरांशी बोलीन. आणि माझ्यासारख्या चार आयांना थांबायला शिकवीन. दीदी, तुमचं ऋण मी असंच फेडीन.