लस लागू पडली

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. परीक्षेत कुणी ‘प्रतिजन’च्या जागी ‘प्रतिपिंड’ लिहिलं की सरळ गुण कापते, गयावया चालत नाही. आणि हीच मी दादाच्या बाबतीत एक चुकीचा शब्द दोन महिने खपवून घेतला.

दादा माझा थोरला भाऊ. पिंपळगाव बसवंतला त्याची द्राक्षबाग आहे. त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली आणि नाशिकच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध द्यायचं. हॉस्पिटलच्या बाकावर त्याने मला विचारलं, “काय असतं गं हे?”

झालं, मला तेवढंच पुरतं. शरीराचे पहारेकरी असतात, कॅन्सरच्या पेशी त्यांना गप्प बसवतात, हे औषध त्यांना मोकळं सोडतं, असं मी सांगितलं. इथे थांबायला हवं होतं. पण मी नुकतंच वाचलेलं नवं संशोधनही सांगत सुटले. गाठीचा तुकडा घ्यायचा, तिची जनुकं वाचायची आणि त्या एकाच माणसासाठी लस बनवायची, म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटते. हे अजून प्रयोगात आहे, हे वाक्य मी शेवटी आणि जरा हळूच म्हटलं.

“म्हंजे औषध मारायचं नाय,” दादा म्हणाला, “वेलीलाच शिकवायचं, रोग कसा दिसतो ते.”

फवारणीला आमच्याकडे औषध मारणं म्हणतात. असा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नव्हता. मी खूश झाले.

त्या दिवसापासून त्याच्या सलाइनचं नाव लस पडलं. “मंगळवारी लशीला जायचंय,” असं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा. एकदा मी म्हटलं, दादा, ती लस वेगळी, हे औषध वेगळं. त्याचा चेहरा एवढासा झाला. “मग हे माझ्यासाठी केलेलं नाय?” मी म्हटलं, “असू दे, तसलंच आहे.” तो पुन्हा जेवायला लागला होता, बागेत चक्कर मारायला लागला होता. एका शब्दाने काय बिघडतंय, असं मला वाटलं.

तिसऱ्या डोसनंतर त्याला ताप आला, मग जुलाब. काहीही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा, असं सिस्टरने बजावलं होतं. त्याने कुणालाच कळवलं नाही, उलट वहिनीला शपथ घातली. पाचव्या दिवशी वहिनीने शपथ मोडून मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्याचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते आणि तो हसत होता.

“घाबरू नको. करोनाच्या टायमाला नव्हता का आला ताप? ताप आला म्हंजे लस लागू पडली.”

मला संताप आला. आधी त्याच्यावर, मग माझ्यावर. मोकळे सुटलेले पहारेकरी त्याच्याच आतड्यांवर तुटून पडले होते, आणि मी चालू दिलेल्या शब्दामुळे तो त्याचा आनंद मानत होता.

तो वाचला. स्टेरॉइड देऊन डॉक्टरांनी सगळं शांत केलं. पण ते औषध आता त्याला पुन्हा देता येणार नाही. गाठ बरीच आकसली आहे, ती तशीच राहील का, ते पुढचा स्कॅन सांगेल.

हॉस्पिटलच्या खाटेशी बसून मी त्याला सगळं खरं सांगितलं. “ती लस नव्हतीच दादा. तुझा उतरलेला चेहरा मला बघवला नाही, म्हणून गप्प बसले. चुकलं माझं.”

तो म्हणाला, “मास्तरीण ना तू? माझं चुकलं तर तिथल्या तिथं सांगायचं.” मग म्हणाला, “आता काय काय झालं की कळवायचं, ते नीट सांग.”

“सगळं कळव.”

तेव्हापासून रोज सकाळी, माझ्या पहिल्याच तासाला, फोन येतो. “दोनदा खोकला आला. सांगू का नको?” “पायाला मुंगी चावली, हे धरायचं का?” तो माझी फिरकी घेतो, हे मला कळतं. तरी मी खडू खाली ठेवून फोन उचलते. वर्गालाही आता सवय झाली आहे.

स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. काल फोनवर म्हणाला, “आज सांगण्यासारखं काहीच नाय गं.”

“काहीच नाही?”

“काहीच नाय.”

“पुन्हा एकदा सांग,” मी म्हटलं.