खिडकीची चिप

बाजारातले बाकीचे दुरुस्तीवाले माझ्या बाबांना 'पॉलिश पेपर' म्हणायचे, आणि ते नाव उगाच पडलेलं नव्हतं.

बाबा घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. सगळा ऐवज कीबोर्डच्याच डब्यात भरलेला आणि टीव्हीला जोडायचा, तो जुना प्रकार. दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. हाताखाली त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. 'हाताखाली' हा शब्द बाबांचा. सोल्डरिंगचं सगळं काम तीच करायची, कारण बाबांचा हात थरथरतो. त्यांच्या मते तो रागाने थरथरतो, म्हणजे तेही दुसऱ्याच कुणामुळे तरी.

प्रत्येक चिपच्या पाठीवर तिचा नंबर छापलेला असतो. तो वाचला की कुठलाही कारागीर तशीच चिप आणून बसवू शकतो. म्हणून बाबा दुरुस्त केलेल्या मशीनमधले नंबर पॉलिश पेपरने घासून टाकायचे. मग काही महिन्यांनी तेच मशीन परत आलं की स्वतःच डोकं खाजवत बसायचे आणि शेवटी विचारायचे, "अगं, ही कुठली होती?" आत्याला सगळं तोंडपाठ असायचं. ती मान वर न करता सांगायची.

त्या दोघांनी मिळून एक मोठं काम केलं. मशीनला फक्त इंग्रजी येत होतं, त्यांनी त्याला आपली अक्षरं शिकवली. एकेका अक्षराला आठ उभी आणि आठ आडवी घरं, त्यातली कुठली पेटवायची आणि कुठली काळी ठेवायची हे चौकटीच्या वहीत रंगवायचं. एकट्या 'क्ष'ने अकरा दिवस खाल्ले. रंगवायची आत्या, चुका काढायचे बाबा. मग ती अक्षरं एका कोऱ्या चिपमध्ये भरायची. या चिपच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी असते. चूक झाली तर चिप गच्चीवर उन्हात ठेवायची. आठवड्याभरात ऊन खिडकीतून आत शिरून सगळं पुसून टाकतं आणि चिप पुन्हा कोरी होते. सगळं बरोबर जमलं की खिडकीवर जाड कागदाची चिकटपट्टी लावायची, म्हणजे उजेड आत जात नाही. आमच्या गच्चीच्या कठड्यावर तेव्हा पापडांसारख्या चिपा वाळत असायच्या.

एक दिवस मशीन चालू केलं आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नेहमीच्या इंग्रजी ओळीखाली पांढऱ्या अक्षरांत उमटलं: तयार. मी दहा वर्षांची होते. बाबांना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. आत्याने त्या चिपवर चिकटपट्टी लावली आणि तिच्या वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं, 'अक्षरं'.

पुढे हे मशीन विकायचं, नाव कमवायचं, असं कुणालाही वाटेल. बाबांना वाटलं नाही. "विकलं की लोक उघडून बघतील," ते म्हणाले. चौकटीच्या वह्याही त्यांनी बंबात घातल्या. मागे पुरावा नको म्हणे!

त्याच वर्षी आत्याचं लग्न ठरलं. मुलगा कॉम्प्युटरच्याच एका कंपनीत नोकरीला होता. झालं. बाबांच्या डोक्यात किडा शिरला.

"दादा, एक कॉपी करून माझ्याकडे ठेवते," आत्या म्हणाली. "आपल्याकडे ही एकच चिप आहे. उद्या हिला काही झालं तर?"

"तिला काही होत नाही. आणि कॉपी करायची नाही. सांगून ठेवतोय."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती सकाळी दुकानात आली तर मशीन उघडं पडलेलं. एकूण एक चिपचा नंबर घासलेला, आणि तिच्या अक्षरातली चिकटपट्टीही खरवडून काढलेली. अक्षरांची चिप कुठली हे तिला कळू नये म्हणून! ज्या बाईने ती स्वतःच्या हाताने बसवली, तिला! आत्याने उघड्या मशीनकडे पाहिलं, हातात घेतलेलं सोल्डरिंग आयर्न परत स्टँडवर ठेवलं आणि आत आईला चहा करायला मदत करायला गेली. त्यानंतर ती दुकानात आली नाही.

बाबांनी ते मशीन, झाकण काढलेलं तसंच, दर्शनी काचेच्या कपाटात मांडलं. लोकांनी आतलं काम बघावं, पण त्यांना काही समजू नये, अशी त्यांची इच्छा. कपाट पश्चिमेकडे तोंड करून होतं. पुढची काही वर्षं ते गिऱ्हाइकांना चालू करून दाखवायचे, मग नवे कॉम्प्युटर आले आणि कुणी बघेनासं झालं. चिकटपट्टी पुन्हा लावायची राहिली ती राहिलीच.

तीन वर्षांनी एका मोठ्या कंपनीने आपल्या अक्षरांचं मशीन काढलं. आत्याच्या नवऱ्याची कंपनी ती नव्हेच. पण बाबांनी गल्लीभर सांगितलं, "चोरलं! माझ्या सख्ख्या बहिणीने चोरून विकलं." आत्याच्या कानावर ते गेलं. ती भांडायला आली नाही. लग्नाकार्यात भेटली की हवापाण्याचं बोलायची आणि माझ्या हातात काहीतरी ठेवून निघून जायची. याचा मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग यायचा. एकदा तरी चार शब्द सुनवावेत की नाही माणसाने?

बत्तीस वर्षं अशी गेली. बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले. मग एका संग्रहालयात जुन्या कॉम्प्युटरचं दालन उघडलं आणि तिथल्या पाटीवर त्या मोठ्या कंपनीचं नाव लागलं: आपल्या अक्षरांचे पहिले निर्माते. बाबांनी पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटी तिथल्या बाईंचा फोन आला. सभ्य होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "तुमचं मशीन चालू करून दाखवा. अक्षरं दिसली तर पाटी बदलू. आम्ही गुरुवारी येतो."

मंगळवारी बाबांनी मशीन टेबलावर घेतलं. ते मेल्यासारखं पडून राहिलं. बाबा भिंगातून एकेका चिपकडे बघत होते, आणि प्रत्येक चिपची पाठ गुळगुळीत, काळी. कुठली कशाची, त्यांना एकही सांगता येईना. बुधवारी सकाळी मी त्यांना न विचारता आत्याला फोन केला.

ती दुपार कलल्यावर आली. केस पांढरे, गुडघे दुखरे. बाबा खुर्चीतून म्हणाले, "हिला कुणी बोलावलं?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. आत्याने पदर खोचला, चष्मा लावला आणि एकेका चिपवर अंगठा ठेवून जोरात दाबत गेली. "तापून, निवून वर आल्यात," ती मला म्हणाली. "बैठकीतून सुटतात." प्रत्येक चिप खाली बसताना कर्रकन आवाज यायचा. मग तिने बटण दाबलं.

टीव्ही उजळला. कंपनीची इंग्रजी ओळ आली, ठणठणीत, कालच छापल्यासारखी. बाबा टेबलाला धरून उभे राहिले. आणि त्या ओळीखाली, जिथे 'तयार' यायचं, तिथे काना धरून चार पांढरे चौकोन आले. चारही सारखे, काठोकाठ भरलेले.

आत्याने एक किल्ली दाबली. चौकोन. 'क्ष'ची दाबली. चौकोन.

तिने मशीनवर वाकून त्या खिडकीच्या चिपवरची धूळ पुसली. काच लख्ख होती. तिने कपाटाकडे पाहिलं, मग पश्चिमेकडच्या दारातून येणाऱ्या उन्हाकडे.

"दादा, चिकटपट्टी परत लावली नाहीस?"

बाबांना कळलं होतं. गच्चीवर शंभरदा त्यांनीच तर चिपा कोऱ्या केल्या होत्या. तिथे उघड्यावर आठवडा लागायचा, इथे कपाटाच्या काचेआडून उन्हाने वर्षानुवर्षं घेतली होती, एवढाच फरक.

"आणि काढलीस तरी कशाला?" आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अख्ख्या मशीनमध्ये खिडकी असलेली ही एकटीच. मला ओळखायला चिकटपट्टी लागत होती का रे?"

ते खुर्चीत बसले. हात थरथरत होता, पण या वेळी राग दिसत नव्हता.  मग पुढे वाकले आणि इतक्या हळू, इतक्या लाडीगोडीने बोलले की मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त चीड आली.

"अगं, तू तेव्हा एक कॉपी केली होतीस ना? गुपचूप? खरं सांग. मी काही म्हणणार नाही."

"नाही, दादा."

"आठवून बघ. घरी एखाद्या डब्यात असेल. तू केलीच असशील."

"दहा मिनिटांचं काम होतं," आत्या म्हणाली. "पण तू नको म्हणाला होतास."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं जिला चोर म्हटलं, तिने चोरी केली नाही म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते.

"जन्मात माझं कधी ऐकलं नाहीस," ते म्हणाले. "मग हेच एक कशाला ऐकलंस?"