सरकी बाजारातलं कारंजं

जगात नसलेल्या बागेत रोज संध्याकाळी फिरायला जाणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा होता. अख्खं जळगाव त्यांना नाना म्हणे. उभा जन्म मोजणीदार म्हणून सरकारी नोकरीत गेल्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वासच बसत नसे. बहिणीच्या लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली तरी हे गृहस्थ टेप घेऊन मांडव मोजत होते. मांडव दीड हात तिरका निघाला. एक खांब हलवून झाल्यावरच त्यांनी भटजींना मान डोलावली. तोवर आमची धुळ्याची मंडळी उपाशीपोटी दातओठ खात बसली होती.

शहराच्या मधोमध जुन्या सरकी बाजाराची सरकारी जागा होती. बाजार गावाबाहेर गेल्यापासून तिथं शेळ्या चरत आणि मोडक्या हातगाड्या पडून असत. तिथं काय व्हावं याचा नकाशा नानांनी स्वतःच्या हातानं काढून मंजुरीसाठी सरकारकडे दिला होता. दक्षिणेला सावलीची बाग, उत्तरेला प्रवाशांसाठी माहिती केंद्र. त्यांचं दुःख एकच होतं. अजिंठ्याला जाणारे देशोदेशीचे लोक जळगावला उतरत आणि गावाकडे ढुंकूनही न पाहता बस पकडत. "आपलं गाव काय नुसतं उतरायला आहे का हो?" ते मला विचारत, जणू मीच त्या लोकांना बसमध्ये कोंबत होतो. "एक माणूस, एकच, तासभर इथं टेकला पाहिजे. मग खुशाल जाऊ दे त्याला."

मंजुरीची वाट बघतील तर ते नाना कसले! दक्षिणेला त्यांनी आधीच सात निंब लावले आणि शेजारच्या चहावाल्याकडून बादल्या वाहून जगवले. पाहुणा आला की त्याला बाग बघायला नेत. माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाले, "विहीणबाई, जरा बाजूनं चला. इथं कारंजं आहे, पाय ओले होतील." आईनं खरोखर लुगडं घोट्याच्या वर धरलं! मी मात्र मधून सरळ निघालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी हिरवळ तुडवली होती.

दहा-बारा वर्षांनी मंजुरी आली. चुन्याच्या रेघा मारायच्या दिवशी मी जळगावातच होतो. आखणी करणाऱ्या तरुण ओव्हरसियरनं नकाशा उलटा धरला होता. केंद्राचा पाया बरोब्बर सात निंबांवर आला आणि बाग गेली उत्तरेच्या खडकाळ भागात. निंब तोवर दोन पुरुष उंच झाले होते. आता नाना त्या पोराची सालटी काढणार, अशी माझी खात्री होती. "नाना, बरोबर आहे ना?" ओव्हरसियरनं विचारलं. नानांनी नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि तसाच परत दिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

घरी जाताना मला राहवलं नाही. "नाना, नकाशा उलटा होता." त्यांची कचेरीतली मराठी कुठल्या कुठे गेली आणि घरची अहिराणी बाहेर आली. "माले माहीत शे. चूक काढी ते फाईल परत जाई. मंग ती कव्हय येई? मन्हं वय काय शे?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

निंब तोडून केंद्र उभं राहिलं, बागही झाली. पैसे संपल्यामुळे कारंजं झालं नाही आणि रोपं गुडघ्याएवढीच होती. एका दुपारी मी नानांबरोबर तिथं गेलो, तर एक म्हातारं परदेशी जोडपं केंद्राच्या भिंतीच्या सावलीला बसलं होतं. केळी खाऊन बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. अजिंठ्याची बस निघतेय हे सांगायला केंद्रातला कारकून धावत आला. नानांनी त्याला फाटकातच अडवलं. "झोपू दे रे. पुढच्या बसनं जातील," ते कुजबुजले, आणि डोळे पुसू लागले. बस निघून गेली.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जळगावला उतरलो की बहिणीकडे जाण्याआधी मी त्या बागेत बसतो. मागच्या खेपेला एक प्रवासी बॅग सांभाळत शेजारी आला आणि विचारू लागला, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?" मला नानांची फार, फार आठवण आली. त्यांच्याकडे याचं उत्तर दिवसभर पुरेल एवढं होतं. मी नुसता थोडा सरकलो आणि म्हणालो, "बसा ना जरा."