स्ट्रॉबेरीच्या दह्याचा जबाब

फसवलं ते आईने, आणि फसलो मी. बाबा गाडी चालवत होते, म्हणजे तेही सामील. मुलीला सगळं आधीपासून ठाऊक होतं. पण तिला मी आरोपींत धरत नाही, कारण ती समोर नाही, आणि पाठीमागे बोलायची माझी रीत नाही.

मी कुत्रा आहे. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. माझी जात कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई दर खेपेला नवीन अंदाज बांधतात. अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या आमच्या गल्लीतले बाकीचे कुत्रे कुरळ्या केसांचे, खानदानी, जन्माच्या आधीच बुक केलेले. माझा जन्म हायवेलगतच्या एका पेट्रोल पंपामागे, कचऱ्याच्या डब्याशेजारी झाला. कोणत्या ड्रायव्हरकडून सँडविचचा तुकडा निघेल आणि कोणाकडून लाथ, हे मला कोणी शिकवलं नाही. जे मिळवलं ते माझं मी मिळवलं.

मुलगीसुद्धा मीच मिळवली. पंपामागून उचलून मला शेल्टरमध्ये टाकलं होतं. हे तिघं तिथे आले तेव्हा आजूबाजूच्या पिंजऱ्यांतले सगळे जाळीवर उड्या मारत होते, शेपट्या हलवून हलवून स्वतःची किंमत पाडून घेत होते. मी पाठ फिरवून बसलो. मुलगी तेव्हा लहान होती. ती जमिनीवर बसली आणि जाळीतून एक बिस्किट आत सरकवलं. मी बघितलं नाही. दुसरं सरकवलं. तरी नाही. मग तिने सगळा पंजाच आत घातला आणि तो तसाच उघडा ठेवला. तेव्हा मी वळलो.

"अगं, याच्यापेक्षा लहान बघू या ना एखादं," आई म्हणाली.

"आई, नो. धिस वन."

सौदा तिथेच पक्का झाला. तेव्हापासून त्या घरात माझ्याशी घासाघीस केल्याशिवाय काही होत नाही. अर्धं बिस्किट दाखवलं तर मी अर्धाच बसतो. आंघोळीला दोन तुकडे चीज, नखं कापायला तीन, तेही आगाऊ. "याने मागच्या जन्मी तुळशीबागेत दुकान चालवलं असणार," असं आई म्हणते. म्हणू दे.

आता दह्याचं सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरूनच आहे.

या घरात कोणी महत्त्वाच्या कामाला बाहेर निघालं की आई स्टीलच्या वाटीतून घरचं दही आणते, त्यात साखर, आणि जाणाऱ्याच्या उजव्या तळव्यावर चमचाभर ठेवते. मुलगी ते चाटून खायची, आणि मग तळवा खाली करायची. उरलेलं माझं. परीक्षा असो, पोहण्याची स्पर्धा असो, ड्रायव्हिंगची टेस्ट असो, दही खाऊन गेलेली मुलगी परत आली नाही असं एकदाही झालेलं नाही. कधी रडत आली, कधी नाचत आली, पण आली. भारतात जातानाही दही खाऊन जायची आणि परत यायची. बुटांना कसकसले वास असायचे, ते मला पुष्कळ दिवस पुरायचे. बाबा या प्रकाराला हसतात. त्यांना वाटतं ती नुसती रीत आहे. मी ते दर खेपेला बघत आलोय. दही ज्याच्या हातावर पडतं तो परत येतो. ही खात्रीची गोष्ट आहे.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बॅगा निघाल्या. हॉलमध्ये वजनकाटा आला, बाबा एकेक बॅग कवटाळून त्यावर उभे राहू लागले, आई "शाम्पूच्या बाटल्या हातातल्या बॅगेत नकोत" म्हणून ओरडू लागली. मी ओळखलं. भारत. म्हणजे माझी रवानगी काका-काकूंकडे. हे कोणाचेच सख्खे काका-काकू नाहीत. पूर्वी आमच्याच गल्लीत राहायचे. काका रिटायर झाले आणि दोघं मक्याच्या शेतांमधल्या एका जुन्या घरात राहायला गेले, जिथे सगळ्यात जवळचा शेजारी म्हणजे एक गाय.

निघायच्या सकाळी मुलीने वाटी स्वतः आणली. आईने हात पुढे केला तर म्हणाली, "आय विल डू इट." ती खाली बसली, तळव्यावर दही घेतलं आणि सरळ माझ्या तोंडापुढे धरलं. उरलेलं नव्हे, आख्खं.

"आज पहिलं तुझं," ती म्हणाली. तिचं मराठी फक्त माझ्याशी आणि आजीशी निघतं.

मी इथेच सावध व्हायला हवं होतं. न मागता पूर्ण भाव कोणी देत असेल तर मालात खोट असते, हे मी पंपामागे असल्यापासून जाणतो. पण दही गोड होतं. तिच्या तोंडावरून काहीतरी खारट गळत होतं, तेही मी पुसून घेतलं. मला वाटलं, मी चाललोय म्हणून रडते आहे. मी येईन की. दही मी खाल्लंय.

शेतावरच्या उन्हाळ्याबद्दल लोक उगाच गोड बोलतात. मी सांगतो तिथे काय आहे. तिथे गवतात गोचिड्या आहेत, आणि संध्याकाळी काकू चष्मा लावून त्या माझ्या अंगावरून वेचते, आणि वेचताना घरातल्या सगळ्या नातेवाइकांना नावं ठेवते. तिथे एक कोंबडा आहे, तो पाण्याच्या भांड्यावर माझ्याआधी हक्क सांगतो. पहिल्या दिवशी मी त्याला समजावलं. त्याने माझ्या नाकावर चोच मारली. मग आमच्यात ठरलं: सकाळचं पाणी त्याचं, नंतरचं माझं. वाईट सौदा, पण नाक माझं होतं.

आणि तिथे काकांची वांगी आहेत. बी कुठून कुठून मागवून त्यांनी परसात वांगी लावली होती, आणि कुंपणाखाली बीळ करून राहणारा एक जाडा ग्राउंडहॉग ती कोवळी असतानाच खायचा. काका त्याला घूस म्हणायचे.

"बघतोस काय? पकड त्या घुशीला!" ते मला म्हणाले.

मी बसून राहिलो.

"फुकट खातोस होय रे?"

"अहो, त्याला काही दिल्याशिवाय तो हलणार नाही," काकू आतून ओरडली. "पोरीने सांगितलंय मला."

भाकरी ठरली. ज्वारीची, दुधात कुस्करलेली, रोज. मी घुशीच्या बिळाशी जाऊन एकदाच पण मनापासून भुंकलो. त्यानंतर ती आपली शेजारच्या मक्यात चरायला जाऊ लागली आणि वांगी वाचली. काका मला जवळ बसवून पहिलं वांगं दाखवायचे, जसं काही ते त्यांनीच घातलंय.

इथपर्यंत हिशेब बरा होता. पण गाडी येईना.

दर खेपेला कसं असतं, की मी कंटाळायला लागतो, मग चिडायला लागतो, आणि नेमका चिडून चप्पल फाडायला घेतो तेव्हा गाडी येते. या खेपेला मी काकांच्या चपला फाडल्या. काकूची एक. दाराबाहेरचं पायपुसणं. गाडी आली नाही. मका माझ्यापेक्षा उंच झाला, मग काकांपेक्षा. आकाशात फटाके फुटले, "चार जुलै, यांची दिवाळी रे," असं म्हणत काकांनी मला पलंगाखाली घोंगडी अंथरून दिली, तरी गाडी आली नाही.

मी खडीच्या रस्त्याच्या टोकाला, टपालाच्या डब्याखाली बसायला लागलो. तिथून डांबरी रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत दिसतो. ट्रॅक्टर यायचा. पार्सलची तपकिरी गाडी यायची, तिच्यामागे मी धावायचो, कारण कोणास ठाऊक. भाकरी तशीच राहू लागली. मी बोलणी तोडली होती.

"खात का नाहीस रे मेल्या," काकू म्हणायची. "साय घालू? बरं, तूप? थोडंसं, हं. कोणाला सांगू नकोस."

तूपसुद्धा मी नाकारलं. हे मी अभिमानाने सांगत नाही. माझ्या आयुष्यात मी कधी तूप नाकारलेलं नाही.

एका दुपारी काकूने फोन माझ्यापुढे धरला. "घे, बोल तुझ्या बाईशी." आणि फोनमधून मुलीचा आवाज आला. "हाय बाबू! हू इज माय गुड बॉय? खातोस ना?" मी फोनच्या मागे बघितलं. काकूच्या मागे बघितलं. घराला दोन चकरा मारल्या, कोंबड्याच्या खुराड्यात तोंड घातलं, पुन्हा चोच खाल्ली, मग पळत टपालाच्या डब्याशी गेलो. आवाज दिला आणि माल दिला नाही. याला दुसरा काय शब्द आहे?

त्या दिवसापासून काका घडीची खुर्ची घेऊन डब्याशी माझ्याजवळ येऊन बसू लागले. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो.

"येतील रे," ते म्हणायचे. मग रस्त्याकडे बघून, "आमचा पण म्हणतो, येतो."

आणि एक दिवस गाडी आली. इंजिन मी ट्रॅक्टरच्या आवाजातूनही ओळखलं. मी असा धावलो की काकांची खुर्ची उलटली. पुढची दारं उघडली, बाबा उतरले, आई उतरली. मी त्यांना ओलांडून मागच्या दाराशी उभा राहिलो. ते दार ती नेहमी गाडी थांबायच्या आधीच उघडते. ते उघडलं नाही. मी पंजा मारला. बाबांनी उघडलं. आत माझा पट्टा होता आणि तिची रिकामी पाण्याची बाटली.

"सोन्या," आई म्हणाली आणि तिथेच खडीवर बसली.

काकू पदर सारखा करत आली. "कॉलेजला सोडून आलात तिला?"

"भारतातून आलो आणि तसेच पुढे गेलो हो. बॉस्टनला. रूम छान आहे. रूममेट पण चांगली वाटली." आई हे सगळं माझ्या मानेत तोंड खुपसून बोलत होती. "याला आधी सांगता आलं असतं तर..."

सांगता आलं नसतं? रोज सकाळी तू मला स्वयंपाकघरात उभं करून तुझ्या ऑफिसातल्या बाईबद्दल सांगतेस. कढईला काय लागलं ते सांगतेस. एवढंच सांगता आलं नाही?

डब्लिनला पोचल्यावर मी जिना चढून थेट तिच्या खोलीत गेलो. चादर ताणून घातलेली. जमिनीवर एकही मोजा नाही. ज्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची तिथे मी चारही पाय पसरून झोपू शकत होतो. उशीत तिचा वास होता, पण जुना, आणि रोज थोडा कमी होत होता. मी तो जपून हुंगतो, उशीच्या एका बाजूनेच.

तरीही मी धीर धरला होता, कारण मला वाटत होतं, दही दिलं असणार. आई काहीही विसरेल, दही विसरणार नाही. मग ती लांब गेली असली तरी येईल. मी दाराशी बसलो.

मग काकूचा फोन आला. आई चपात्या लाटत होती म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि मी ओट्याखाली होतो.

"निघताना हातावर दही ठेवलंस ना गं तिच्या?"

आईचं लाटणं थांबलं.

"काकू, हॉटेलात कुठलं दही? सकाळी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून योगर्टचा कप आणला. साधं संपलं होतं. स्ट्रॉबेरी होतं."

"बरं मग?"

"ती हसायला लागली. म्हणे, आई, इट्स फाइन, आय विल ईट इट लेटर. हातावर घेतलंच नाही. पार्किंगला गाडी लावता येत नव्हती, मागून हॉर्न... कप तिच्या बॅगेत टाकला मी." आणि मग बारीक आवाजात, "खाल्लं की नाही तेही विचारलं नाही."

"चालतं गं," काकू म्हणाली, पण थांबून म्हणाली. "मनात होतं ना तुझ्या, झालं. कधी येतेय आता?"

"थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. म्हणजे, मे बी, म्हणाली. तिकडेच कोणा मैत्रिणीकडे बोलावलंय."

मे बी! दह्यावर गेलेली मुलगी कधी मे बी म्हणाली होती?

त्या दिवसापासून आईने फ्रिज उघडला की मी भुंकतो. तिला वाटतं मला दही हवंय. ती चमचाभर माझ्या भांड्यात घालते. मी शिवत नाही. मी भांडं नाकाने ढकलत दारापर्यंत नेतो आणि तिच्याकडे बघतो. घेऊन चल. जिथे आहे तिथे घेऊन चल, हातावर ठेव, उरलेलं चाटायला मी आहेच. काल तिने लादीवरचं दही पुसलं आणि पुसता पुसता तिथेच बसून राहिली. "मला काय विचारतोस रे," ती म्हणाली. "मला तरी कुठे माहीत आहे."

हे उत्तर मी घेत नाही.

मी दही खाल्लं, गेलो, आणि परत आलो. मध्ये कोंबड्याची चोच सोसली, पण आलो. माझी बाजू पुरी आहे. तुम्ही मात्र आख्ख्या पोरीला एका गुलाबी कपावर सोडून आलात, आणि तो तिने उघडलासुद्धा की नाही हे तुमच्यापैकी कोणाला सांगता येत नाही. आई, तू रडून सुटणार नाहीस. बाबा, तुम्ही पेपरमागून बाहेर या, हॉर्नला घाबरून गाडी तुम्ही हलवलीत. मी दारात आडवा पडलोय. ओलांडून जायची हिंमत असेल त्याने आधी सांगावं: तिच्या हातावर दही पडलं नाही, याचा जबाब कोण देणार?